वितरणाच्या गाड्यांवरील हातट्रॉलीला पक्की जागा हवी

प्रति,
माननीय संपादक,
सोलापूर

विषय : माल पोहोचवणाऱ्या वाहनांवर हातट्रॉली सुरक्षितपणे बसवण्याबाबत

महोदय,

सोलापूर शहरात दुकानोदुकानी माल पोहोचवणाऱ्या छोट्या गाड्यांच्या मागे दोन चाकांची लोखंडी हातट्रॉली कशीबशी अडकवून नेण्याची पद्धत आता सर्रास रूढ झाली आहे. ही पद्धत जिवावर बेतणारी आहे आणि कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता, अगदी थोड्या खर्चात ती बदलता येण्यासारखी आहे, ही गोष्ट आपल्या दैनिकाद्वारे व्यापारी, वितरक, वाहनमालक आणि परिवहन खात्याच्या नजरेस आणून द्यावी, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. मी स्वतः घाऊक मालाच्या वितरणाच्या व्यवसायात आहे. गोदाम, गाड्या आणि त्यांवर राबणारी माणसे यांच्याशी माझा रोजचा संबंध असल्याने या कामातील अडचणी आणि घाई या दोन्हींची मला पुरेशी कल्पना आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की, माझा आक्षेप हातट्रॉलीवर मुळीच नाही. ती आली हे फार चांगले झाले. पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेऊन मंगळवार पेठेतल्या अरुंद जिन्यांनी चढणारे हमाल आपण सर्वांनी पाहिले आहेत आणि चाळिशीतच कंबर व गुडघे गमावून बसलेले त्यांच्यापैकी कित्येक जणही पाहिले आहेत. आज तेच काम हातट्रॉलीने निम्म्या श्रमात होते. पंधरा किलोचे तेलाचे चार-पाच डबे, शीतपेयांच्या क्रेटची थप्पी, पाण्याचे जार, टॉवेल-चादरींचे गठ्ठे, औषधांची खोकी हा सगळा माल एक माणूस एका खेपेत दुकानाच्या दारापर्यंत नेतो. हैदराबाद रस्त्यावरील मार्केट यार्डापासून चाटी गल्लीपर्यंत आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीपासून जुळे सोलापुरातल्या किराणा दुकानांपर्यंत ही ट्रॉली प्रत्येक गाडीची सोबतीण झाली आहे. प्रश्न आहे तो एका दुकानापासून पुढच्या दुकानापर्यंतच्या प्रवासाचा. त्या प्रवासात ही ट्रॉली कुठे ठेवायची, याचा विचार गाडी बनवणाऱ्याने केलेला नसतो, ट्रॉली बनवणाऱ्याने केलेला नसतो आणि दोन्ही विकत घेणाऱ्या मालकानेही बहुधा केलेला नसतो. ती ना मालात मोजली जाते, ना गाडीच्या भागांत. मालाची थप्पी नीट बांधली जाते, कारण माल फुटला तर पैसे कापले जातात. ट्रॉली मात्र उरलेल्या जागेत, उरलेल्या दोरीने आणि उरलेल्या वेळात अडकवली जाते.

कोणत्याही सकाळी अर्धा तास सात रस्त्यावर उभे राहिले तरी या अडकवण्याचे सारे प्रकार दिसतात. ‘छोटा हत्ती’ म्हटल्या जाणाऱ्या मालवाहू गाडीच्या फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या (माल ठेवायच्या उघड्या भागाच्या) मागच्या झडपेवर, ट्रॉलीची मूठ उलटी टांगलेली असते आणि तिची दोन्ही चाके बाहेर लोंबत असतात. मालवाहू रिक्षात ती मालाच्या थप्पीवर आडवी टाकलेली असते आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी ताणलेली असते. काही ठिकाणी ती केबिनच्या टपावर चढवलेली असते, तर काही ठिकाणी गाडीचा फाळका अर्धवट उघडा ठेवून त्यावर ट्रॉली निजवलेली असते आणि हौद्यात बसलेला पोरगा एका हाताने ती धरून असतो. या शेवटच्या प्रकाराचे मला सर्वांत जास्त भय वाटते, कारण ट्रॉली निसटली तर ती धरणारा पोरगाही तिच्यासोबत खाली जाऊ शकतो.

ट्रॉली का पडते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण या बाबतीत आपल्या व्यवसायात बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत. पहिली समजूत अशी की, दोरी जाड असली म्हणजे झाले. प्रत्यक्षात ताकदीचा प्रश्न फार छोटा आहे. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील माल बांधण्याचे नियम साधारणपणे असे सांगतात की, पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि दोन्ही बाजूंना व मागे ५० टक्के एवढा जोर पेलण्याची बांधणीची क्षमता असावी. आपल्याकडची लोखंडी हातट्रॉली साधारण १२ ते २० किलोची असते. म्हणजे १५ किलोच्या ट्रॉलीसाठी कचकन ब्रेक लागल्यावर १२ किलोचे वजन पेलण्याइतका जोर पुरे होतो आणि तेवढा तर साधी नायलॉनची दोरीही सहज पेलते. दोरी तुटून ट्रॉली पडल्याचे प्रकार म्हणूनच क्वचित घडतात. गाठ सैल होते, आकडा उडतो, रबर सुटते किंवा बांधायचेच राहून जाते, त्यामुळे ती पडते.

दुसरी समजूत ही की, टांगली म्हणजे बसली. फाळक्यावर टांगलेली ट्रॉली केवळ स्वतःच्या वजनावर तिथे टिकून असते. तिला वर उसळण्यापासून रोखणारे काहीच नसते. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून खराब रस्त्याने प्रवास केलेल्या कोणालाही सांगायला नको की, मागच्या चाकाच्या मागे असलेल्या भागाला सर्वांत जोराचा हिसका बसतो. ट्रॉली टांगण्याची जागा नेमकी तीच आहे. गतिरोधकावरून किंवा जलवाहिनीसाठी खणून अर्धवट बुजवलेल्या चरावरून गाडी वेगात गेली की हौद्याचा मागचा भाग वर उडतो आणि खाली येताना ट्रॉली क्षणभर अधांतरी राहते. ती ज्यावर टांगलेली असते त्या आकड्याचा वाकलेला भाग दोन-तीन इंचांचाच असेल, तर तेवढी उसळी तिला निसटायला पुरते. आपल्या शहरातील गतिरोधकांची उंची आणि आकार गल्लीगणिक बदलतो, हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

रबराविषयी एक गोष्ट सोलापूरकरांनी विशेष ध्यानात घ्यावी. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि दोन्ही टोकांना तारेचे आकडे असलेले लवचीक पट्टे स्वस्त आणि सोयीचे वाटतात, पण सतत ताणलेले रबर उन्हात झपाट्याने खराब होते. चैत्र-वैशाखात आपल्याकडचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, त्या काळात उघड्या गाडीवर दिवसभर ताणून ठेवलेल्या पट्टीला बारीक भेगा पडतात, तिची ओढ कमी होते आणि एखाद्या दिवशी ती पूर्वसूचना न देता तुटते. शिवाय ताणलेला आकडा हातातून सुटला तर तो थेट डोळ्यावर येतो. ट्रॉली बांधण्यासाठी रबर वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साखळी-कुलपाचा प्रकार याहून निराळा आहे. ट्रॉली चोरीला जाते, ही व्यापाऱ्यांची तक्रार खरी आहे आणि त्यामुळे अनेक जण हौद्याच्या खांबाला साखळी घालून तिला कुलूप लावतात. त्याने चोरी टळते, पण पडणे टळत नाही. साखळी हात-दीड हात सैल असते. आकड्यातून निसटलेली ट्रॉली मग रस्त्यावर आदळते आणि साखळीला लोंबकळत गाडीमागे फरफटत, डावी-उजवीकडे फटके मारत जाते. पुढे चालकाला गाण्याच्या किंवा हॉर्नच्या आवाजात बऱ्याचदा काही ऐकू येत नाही. विजापूर रस्त्यावर असा एक प्रसंग मी पाहिला आहे. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराने जीव खाऊन हँडल वळवले म्हणून तो बचावला. चालकाला पुढच्या चौकात लोकांनी थांबवले तेव्हा कुठे काय घडले ते कळले. त्या ट्रॉलीचे कुलूप शाबूत होते.

आता पडलेल्या ट्रॉलीने काय होऊ शकते ते पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. आपल्याकडे दुचाकीस्वार पुढच्या टेम्पोपासून जेमतेम आठ-दहा मीटरवर असतो, म्हणजे समोर पडलेली वस्तू दिसून मेंदूपर्यंत पोहोचेपर्यंतच हे अंतर संपते. पूर्ण थांबण्यासाठी त्याला वीस मीटरहून जास्त अंतर लागते. ट्रॉली काही पोत्यासारखी पडल्या जागी स्थिर राहत नाही. तिला हवेची किंवा रबरी चाके असतात. ती उसळते, उलटते, घरंगळते आणि कोणत्या बाजूला जाईल याचा अंदाज कोणालाही बांधता येत नाही. थांबलेल्या माणसाला ती या वेगाने लागली, तर तो आघात सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलेल्या ट्रॉलीइतका असतो. वेग ताशी ६० किलोमीटर असेल तर हीच उंची १४ मीटरपर्यंत जाते. तिच्या तळाशी असलेली लोखंडी पाटी, जी मालाखाली सरकावी म्हणून मुद्दाम पातळ ठेवलेली असते, ती अंगावर आली तर काय होईल याचे वर्णन मी करत नाही.

शहराबाहेर हा धोका वाढतो. सोलापूरचे वितरक केवळ शहरापुरते काम करत नाहीत. अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, तुळजापूर येथपर्यंत आपल्या गाड्या रोज जातात आणि पुणे-हैदराबाद महामार्गावर किंवा तुळजापूरच्या रस्त्यावर त्यांचा वेग साहजिकच जास्त असतो. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांची रस्त्याच्या कडेने अखंड रांग असते, आषाढीच्या आधी पंढरपूरच्या वाटेवर दिंड्या असतात. ही माणसे डाव्या कडेने, बहुतेकदा पहाटे किंवा रात्री चालत असतात. गाडीच्या डाव्या अंगाला बाहेर आलेली ट्रॉलीची मूठ एखाद्या चालणाऱ्याच्या खांद्याला लागण्यासाठी ती गाडीवरून पडण्याचीही गरज नसते.

मग सारे कळत असूनही आपली माणसे ट्रॉली नीट का बांधत नाहीत? याचे उत्तर ‘निष्काळजीपणा’ असे देऊन मोकळे होणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. वितरणाच्या गाडीचे काम कसे चालते ते पाहा. गाडी सकाळी गोदामातून निघते, एका फेरीत तिला तीस-चाळीस दुकाने घ्यायची असतात. प्रत्येक दुकानासमोर ट्रॉली उतरते आणि प्रत्येक दुकानानंतर ती पुन्हा चढते. नवी पेठेत गाडी उभी करायला जागा नसते, मागून हॉर्न वाजत असतात, दुकानदार बिलासाठी ताटकळत असतो. अशा वेळी दोरीचे तीन वेढे देऊन गाठ मारायला दीड-दोन मिनिटे लागत असतील, तर ती गाठ सकाळच्या पहिल्या दोन-चार दुकानांपर्यंत मारली जाईल आणि नंतर मारली जाणार नाही. दिवसभरात त्यात तासभर जातो आणि तो तास त्या माणसाला कोणी देत नाही. ट्रॉलीची सुरक्षितता म्हणूनच दोरीच्या मजबुतीपेक्षा ती किती पटकन बसते आणि सुटते यावर अवलंबून आहे. ट्रॉली पक्की बसवायला नुसती टांगण्याइतकाच वेळ लागला पाहिजे. तसे झाले तरच चाळिसाव्या दुकानानंतर, थकलेल्या हातांनीसुद्धा ती बसवली जाईल. हे साधले नाही तर कितीही सूचना-फलक लावले, कितीही दम दिला तरी फरक पडणार नाही.

यावरचा उपाय परदेशातील शीतपेयांच्या व घरपोच मालाच्या गाड्यांवर बऱ्याच काळापासून वापरात आहे आणि आपल्या कोणत्याही फॅब्रिकेटरला (लोखंडी जोडकाम करणाऱ्याला) तो एका दिवसात करता येईल. गाडीच्या हौद्यावर ट्रॉलीसाठी कायमची बैठक बसवायची. तिचे दोन भाग असतात. खाली अँगलची किंवा पट्टीची एक खोबण असते, तिच्यात ट्रॉलीची तळपाटी सरकून बसते. त्यामुळे ट्रॉलीचे वजन खोबणीवर येते आणि तिचा खालचा भाग पुढे-मागे किंवा बाजूला हलत नाही. वर, ट्रॉलीच्या आडव्या दांडीच्या उंचीवर, एक आकडी असते. ट्रॉली मागे रेटली की दांडी तिच्यात शिरते आणि वरून स्प्रिंगची कडी किंवा खिटी आपोआप पडते. ही वरची कडी हेच या बैठकीचे मर्म आहे, कारण उसळी मारणाऱ्या ट्रॉलीला वर जाण्यापासून तीच अडवते. सोडवताना एका हाताने कडी उचलायची आणि दुसऱ्या हाताने ट्रॉली ओढायची. बसवायला आणि काढायला काही सेकंद पुरतात. चोरीची भीती असेल तर त्याच कडीला छोटे कुलूप अडकवण्यासाठी भोक ठेवता येते. खिटी वापरायची असेल तर ती बारीक साखळीने बैठकीलाच जोडलेली असावी. सुटी खिटी आठवडाभरही टिकत नाही आणि मग तिच्या जागी खिळा किंवा वाकवलेली तार येते.

बैठक कुठे बसवावी, याचा विचार प्रत्येक गाडीगणिक वेगळा करावा लागेल. सर्वांत सुरक्षित जागा हौद्याच्या आत आहे, पण केबिनला लागून बसवली तर माल भरल्यावर तिथपर्यंत हात पोहोचत नाही. माझ्या मते हौद्याच्या आत, फाळक्याजवळच्या डाव्या खांबाला लागून ती असावी. दुकाने आणि पदपथ डावीकडे असतात, त्यामुळे माणसाला रहदारीच्या बाजूला जावे लागत नाही. यात मालाची थोडी जागा जाते, हे खरे आहे. चार क्रेटची जागा गेली म्हणून ट्रॉली बाहेर टांगणाऱ्या मालकांना मी एवढेच विचारतो की, एका अपघाताची भरपाई किती क्रेटमधून होणार आहे? आतमध्ये जागाच नसेल आणि बैठक मागे बाहेर बसवावी लागत असेल, तर मागचे दिवे, दिशादर्शक, परावर्तक आणि नंबरप्लेट यांपैकी काहीही झाकले जाता कामा नये. आज फाळक्यावर लोंबणाऱ्या ट्रॉलीच्या चाकामागे अनेक गाड्यांचा एक दिवा पूर्णपणे लपलेला असतो आणि रात्री मागून येणाऱ्याला तो टेम्पो एक दिवा असलेली दुचाकी वाटू शकतो. केबिनच्या टपावर तर ट्रॉली कधीही नेऊ नये. ती पुढे पडली तर स्वतःच्याच चाकाखाली येते आणि प्रत्येक दुकानाला पंधरा किलो लोखंड डोक्यावर चढवून उतरवणाऱ्या माणसाची पाठ आपण ट्रॉली घेऊन जी वाचवली, ती पुन्हा मोडतो.

वेल्डिंग करताना एक काळजी आवश्यक आहे. बैठक हौद्याच्या आडव्या पट्ट्यांवर किंवा खांबांवर बसवावी. गाडीच्या मुख्य चॅसीवर (सांगाड्यावर) वेल्डिंग करू नये किंवा तिला मनाप्रमाणे भोके पाडू नयेत, त्याने चॅसी कमजोर होते आणि तिथून पुढे तडे जातात. नट-बोल्ट वापरले तर ते हादऱ्याने सैल होणार नाहीत असे, लॉकनटचे असावेत आणि दर आठवड्याला हात लावून पाहावेत. ट्रॉलीकडेही लक्ष द्यावे लागते. चाकाच्या आसाला बाहेरून लावलेली खिळ गंजून पडली असेल, तर ट्रॉली बैठकीत पक्की बसूनही चाक एकटेच रस्त्यावर घरंगळते. घडीची ट्रॉली असेल तर घडीचा अडसर पडलेला आहे ना, हे पाहूनच ती ठेवावी.

बंदिस्त व्हॅनमधून पार्सल पोहोचवणारे अनेक तरुण आता शहरात दिसतात. त्यांना वाटते की दार बंद असल्यामुळे ट्रॉली रस्त्यावर पडण्याची भीती नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या व्हॅनमध्ये चालकाची जागा आणि माल यांच्यामध्ये भक्कम जाळी किंवा पत्रा नसतो, तिथे जोराचा ब्रेक लागल्यावर मागची सुटी ट्रॉली ज्या वेगाने गाडी चालली होती त्याच वेगाने चालकाच्या मानेकडे येते. अशा गाडीत ट्रॉली सर्वांत खाली, आडवी आणि फरशीवरील कडीला पट्ट्याने बांधूनच न्यावी. पार्सलच्या ढिगावर ती कधीही टाकू नये.

कायद्याची बाजूही मालकांनी समजून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार कलम १९४ (१अ) मध्ये अशी तरतूद आहे की, वाहनावरील माल, त्याचा कोणताही भाग किंवा अन्य कोणतीही वस्तू बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत ठरलेल्या मर्यादेबाहेर जात असेल, तर २० हजार रुपये दंड होतो, शिवाय तो माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. ‘अन्य कोणतीही वस्तू’ यात हौद्याबाहेर आलेली ट्रॉली येत नाही, असे कोणी समजू नये. हे कलम चालकापुरते मर्यादित नाही. तशी गाडी चालवू देणाऱ्यालाही ते लागू आहे. मला स्वतःला दंडाची भीती दाखवून कोणाकडून काही करून घेणे आवडत नाही. मात्र रस्त्यावर अडवलेल्या गाडीचा दंड महिना बारा-पंधरा हजार कमावणाऱ्या चालकाच्या पगारातून वळता करून घेण्याचे प्रकार आपल्या व्यवसायात घडतात, आणि हे सर्वथा चूक आहे. गाडी मालकाची, ट्रॉली मालकाची, किती दुकाने घ्यायची हे ठरवणाराही मालकच. चालकाला बैठक न देता ‘ट्रॉली नीट बांध’ म्हणून सांगणे ही जबाबदारी झटकणे झाले. बैठक बसवून द्यावी, ती वापरायला शिकवावे आणि त्यानंतरही ट्रॉली टांगलेली दिसली तर जरूर जाब विचारावा.

खर्चाचा अंदाज सांगायचा तर अँगल, पट्टी, स्प्रिंगची कडी आणि मजुरी धरून एका गाडीचे काम दीड-दोन हजार रुपयांत व्हावे. ज्या मोठ्या कंपन्या आपल्या नावाचे रंग देऊन वितरकांना ट्रॉल्या पुरवतात, त्यांनी ट्रॉलीसोबत ही बैठकही पुरवावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. ट्रॉलीची मापे त्यांची त्यांना माहीत असतात, त्यामुळे खोबण आणि आकडी यांमधील अंतर जुळवण्याचा प्रश्न उरत नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालयात मालवाहू गाड्या योग्यता प्रमाणपत्रासाठी जातात. आठ वर्षांपर्यंतच्या गाड्यांना दर दोन वर्षांनी आणि त्यापुढच्या गाड्यांना दरवर्षी जावे लागते. त्या तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी ‘या गाडीवर ट्रॉली नेता का आणि कुठे ठेवता’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी पुष्कळ मालक गाडी आणण्यापूर्वीच सोय करून येतील. जानेवारीतील रस्ता सुरक्षा अभियानात वाहतूक पोलीस हेल्मेट आणि सीटबेल्टविषयी जागृती करतात, ते योग्यच आहे. त्याच दिवसांत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, शहरात माणूस मावत नाही आणि दुकानांकडे जाणारा मालही वाढलेला असतो. त्या पंधरवड्यात मार्केट यार्डाच्या दारात उभे राहून एक-दोन सकाळी केवळ ट्रॉल्या पाहिल्या, दंड न करता चालकांशी आणि मालकांशी बोलले, तर त्याचा उपयोग होईल.

भाड्याच्या गाड्यांचा प्रश्न मात्र या बैठकीने सुटत नाही. अनेक छोट्या व्यापाऱ्यांची ट्रॉली स्वतःची असते, पण टेम्पो रोज वेगळा मिळतो, आणि दुसऱ्याच्या गाडीला वेल्डिंग करता येत नाही. अशांनी ट्रॉलीच्या चौकटीलाच एक इंची रॅचेटचा पट्टा (दांडा मागे-पुढे करून आवळायचा पट्टा) कायमचा जोडून ठेवावा, म्हणजे ट्रॉली जिथे जाईल तिथे तिची बांधणी तिच्याबरोबर जाईल. हा पट्टा कापडी असतो, त्यावर उन्हाचा परिणाम रबरापेक्षा पुष्कळ कमी होतो, आणि रॅचेटने आवळल्यावर गाठीसारखा तो हादऱ्याने सैल पडत नाही. ट्रॉली हौद्यात आडवी, चाके वर करून ठेवावी, पट्टा तिच्या दांड्यांमधून ओवून हौद्याच्या दोन बाजूंच्या कड्यांत अडकवावा आणि आवळावा. सरावाने अर्ध्या मिनिटात हे काम होते. ते कडीइतके झटपट नाही, म्हणून ज्यांची दिवसाला पाच-सात दुकाने असतात त्यांच्यासाठीच ते योग्य आहे. चाळीस दुकाने घेणाऱ्याने भाड्याच्या गाडीच्या मालकाशी बोलून, खर्च वाटून घेऊन, बैठकच बसवून घ्यावी. आमच्या भागातील दोन-तीन टेम्पोमालकांनी याला तयारी दाखवली आहे, कारण बैठक असलेली गाडी वितरक आधी बोलावतील हे त्यांच्या ध्यानात आले आहे. दिवाळीच्या मालाची धावपळ सुरू होण्यापूर्वी शहरातील व्यापारी आणि वाहतूकदार यांच्या संघटनांनी आपापल्या सभासदांच्या गाड्यांची अशी पाहणी करून घ्यावी, अशी त्यांना विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वितरण व्यावसायिक व नियमित वाचक,
सोलापूर